अकरा फरशा

१

टाइल पसंत करायला लोक घरातलं सगळ्यात चोखंदळ माणूस सोबत नेतात. दीपमालानं आपल्या आंधळ्या बापाला नेलं. आर्णीत यवतमाळ रोडवरच्या दुकानात शिरल्याबरोबर उकंडाबाबांनी चपला काढल्या, काठी मुलीच्या हातात दिली आणि खाली मांडलेल्या नमुन्यांवर एकेक पाय ठेवत फिरायला लागले. दुकानदार गालातल्या गालात हसत होता. दीपमालानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, तसं त्याचं हसू मावळलं. उपकेंद्रात नर्स म्हणून पंधरा वर्षं काढलेल्या बाईची नजर होती ती. त्या नजरेपुढे भले भले गडी मुकाट्यानं बाही वर करत.

"हे नाई. पाय सरकते," बाबा म्हणाले. मग दुसऱ्या नमुन्यावर त्यांनी पाऊल घासून पाहिलं. "हे बरं हाय. खरबडीत हाय. पायाले समजते."

"काका, ते पार्किंगचं टाइल हाय. गाडी उभी कराले लावतात. घरात कोणी लावत नाई."

"आम्ही लावू," दीपमाला म्हणाली.

तिनं मनाशी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. समोरच्या खोलीत सगळीकडे साधी राखाडी फरशी आणि बाबांच्या खाटेपासून बाहेरच्या दारापर्यंत मधोमध एक फूट रुंदीची खरबडीत ओळ, तीही राखाडी. पांढऱ्या फरशीवर आर्णीची काळी माती चार महिने ठसे उमटवते, आणि चकचकीत फरशी तिला दवाखान्यात पुरेशी दिसत होती.

"रंग कोणता घेतला व?" बाबांनी विचारलं.

"राखाडी."

"मंजे कोणताच नाई," बाबा म्हणाले आणि समाधानानं चपला शोधायला लागले.

२

यामागे जिद्दीचा मामला होता. काचबिंदूनं बाबांचे डोळे गेले त्याला चार वर्षं झाली होती. जुनी सारवलेली जमीन त्यांच्या पायांना पाठ होती, पण उन्हाळ्यात तिला बोट बोट भेगा पडायच्या. जानेवारीतच एका भेगेत अंगठा अडकला आणि बाबा पडले. यवतमाळला राहणारा भाऊ राजदीप धावत आला आणि जाताना सांगून गेला, "ताई, आता एकदा जरी पडले ना, तं मी त्याईले घेऊन जाईन." त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाबांनी वनखात्यात मजूर म्हणून तीस वर्षं जंगल पायी तुडवलं होतं. तिथे गॅलरीत खुर्चीवर बसवून ठेवलं तर हा माणूस वर्षभरात संपेल, हे दीपमालाला पक्कं माहीत होतं. शिवाय हात धरून नेलेलं त्यांना खपत नसे. बाप आपल्याजवळ राहिला पाहिजे आणि आपल्या पायांनी चालला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

जवळच्या तांड्यावरचा फुलचंद मिस्त्री कामाला आला. त्यानं दोरी धरली, खरबडीत फरशा कोरड्याच मांडून पाहिल्या आणि डोकं खाजवलं.

"ताई, अकरा फरशा बसते अन् चार बोटं उरते. उंबरठ्यापाशी तुकडा टाकतो."

"तुकडा नको. त्याची धार बाबाच्या बोटाले लागन. सांधे थोडे मोठे ठेवा अन् अकराच्या अकरा अख्ख्या बसवा."

"बिनतुकड्याची लाइन आमी टाकत नसतो ताई."

"काहून?"

"काहून मंजे..." फुलचंद थापी पुसायला लागला. "तुकडा आला की लाइन सरली. असंच शिकलो आमी."

"मी सांगतो तशी टाका," दीपमाला म्हणाली. तिच्यापुढे डॉक्टर हार मानायचे, तिथे मिस्त्रीची काय कथा!

टाइल सुकल्यावर तिनं बाबांना ओळीच्या सुरुवातीला उभं केलं. एक फरशी, एक पाऊल. खाटेपासून अकरा झाल्या की उंबरठा, उंबरठ्यापलीकडे छपरी, छपरीत खुर्ची. बाबा दोनदा चालले, तिसऱ्यांदा त्यांनी काठी खाटेवर टाकली आणि तोंडानं मोजत नुसतेच चालत गेले. छपरीतल्या खुर्चीवर बसून ते लहान मुलासारखे हसले. दीपमालाला भरून आलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली.

३

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. एप्रिल सुरू झाला आणि एके दिवशी दुपारच्या जेवणाला बसताना बाबा सहज बोलून गेले, "आज बारा भरल्या व."

"काय बारा?"

"फरशा."

"मोजण्यात चुकले असान तुम्ही."

बाबांना राग आला. "तीस वर्षं साग मोजले म्या. एक झाड इकडचं तिकडे नाई झालं कधी. अन् तू मले अकरा फरशा शिकवतं?"

दीपमालानं उठून फरशा मोजल्या. अकरा. तिनं बाबांना आपल्यासमोर चालवलं. अकरा. तिच्या पंधरा वर्षांच्या नोकरीनं तिला लगेच उत्तर दिलं: वय एक्याऐंशी, पाऊल आखूड पडतंय, त्यामुळे एक पाऊल जास्तीचं भरलं. तिनं तसं त्यांना समजावलंही. बाबांनी मान हलवली, पण ती मुलीचं मन राखण्यापुरती.

दोन दिवसांनी तेरा झाल्या. त्यापुढच्या आठवड्यात एकोणीस. ती जवळ असली, कोणी बघत असलं की अकराच. ती ड्युटीवर गेली आणि बाबा एकटे चालले की आकडा वाढायचा. संध्याकाळी ती घरी आली की बाबा तो सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या आवाजात कुरकुर नसायची, उलट एक लपवलेली मजा असायची. विसरभोळेपणाचं हे पहिलं लक्षण असावं म्हणून तिनं त्यांना वार विचारला, तारीख विचारली, राजदीपच्या मुलांची नावं विचारली. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर म्हणाले, "आता तुही तारीख मी विचारू काय?"

एकदा त्यांचे पाय धुताना मात्र ती थांबली. टाचांच्या भेगांमध्ये बारीक, फिकट धूळ भरली होती. ती काळ्या मातीची नव्हती. घरातल्या फरशा तर तिनं सकाळीच पुसल्या होत्या.

"बाबा, कोठी गेलते तुम्ही?"

"कोठी जाईन? खाटीवरून छपरीत."

पाय गार होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं आणि त्या माणसाची पावलं मात्र डिसेंबरात पहाटे असावीत तशी गार. तिनं ती बराच वेळ आपल्या ओंजळीत धरून ठेवली.

४

शेजारची सत्यशीला दिवसा बाबांकडे लक्ष ठेवायची. तोंडाची फटकळ, पण मनानं चांगली बाई. मे महिन्यात एका संध्याकाळी ती कुंपणापाशीच दीपमालाची वाट बघत उभी होती.

"दीपा, तुह्या बाबाले ऐकू कमी येते काय व?"

"नाई तं. डोळ्यानं गेले, पण कान शाबूत हायेत."

"मंग मी दुपारी छपरीतून आवाज देल्ला, 'बाबाजी, च्या घेता काय?' तं किती वेळ काईच नाई. मले वाटलं झोपले. मी वापस फिरली, अन् मंग आवाज आला, 'घेतो.' पण..." ती घुटमळली.

"पण काय?"

"लय दुरून आला व. वावराच्या त्या टोकावरून कोणी बोलावं तसा. अन् पाच मिनिटांनी बाबाजी दारात उभे. घामाघूम."

खोली चौदा फुटांची होती. दीपमालानं मनातल्या मनात कारणं मांडली. कूलर सुरू असेल, बाबा उशीत तोंड खुपसून बोलले असतील, सत्यशीलाला उन्हाचा त्रास झाला असेल. तिन्ही कारणं चांगली होती. पण त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. दुपारी ती मागच्या दारानं बाहेर पडल्याचं नाटक करून स्वयंपाकघरातच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाबा खाटेवरून उठल्याचं तिला ऐकू आलं. खरबडीत फरशीवर अनवाणी पाय घासत होते आणि बाबा पुटपुटत मोजत होते. नऊ, दहा, अकरा. ती उंबरठ्याची वाट बघत होती. बारा, तेरा. पावलं थांबली नाहीत. ती फक्त बारीक होत गेली. तीसच्या पुढे आकडे कळेनासे झाले आणि मग नुसता कूलर राहिला.

तिनं खोलीत डोकावायला हवं होतं. ती आयुष्यात कधी रक्ताला घाबरली नव्हती, पण त्या वेळी तिला पाऊल उचलता आलं नाही. पाऊण तासानं बाबा बाहेरच्या दारातून आत आल्यासारखे दिसले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "किती झाल्या?"

बाबा दचकले. मग ओशाळं हसले. "लय सपाट हाय व तिकडे. ठेच नाई लागत, गुडघा नाई दुखत. जंगलात चालत होतो तसं चालता येते."

"तिकडे मंजे कोठी?"

"पुढी," बाबा म्हणाले.

५

घाबरून हातपाय गाळणारी ती नव्हती. तिनं फुलचंदला बोलावलं आणि कुठलीही कहाणी न सांगता म्हणाली, "तुमचा तुकडा बसवून द्या."

फुलचंदनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं उंबरठ्याजवळची शेवटची फरशी छिन्नीनं काढली, कटरनं कापली आणि दोन तुकडे मध्ये बोटभर फट ठेवून बसवले. जाताना त्यानं ओळीवर पाय ठेवला नाही, कडेकडेनं गेला. हे दीपमालाच्या लक्षात आलं आणि तिला त्याचा राग आला.

तिसऱ्या दिवशी तिनं बाबांना मुद्दाम विचारलं, "तुकडा बोटाले लागत तं नाई ना?"

"कोणता तुकडा?"

"उंबरठ्यापाशी मिस्त्रीनं बसवला तो. तुमच्या समोरच तं बसवला."

बाबांनी आठवून पाहिलं. "तू सोबत राह्यतं तवा लागते," ते म्हणाले. "एकटा असलो की मले तं नाई लागला तुकडा. सगळ्या अख्ख्याच हायेत."

त्याच मिनिटाला तिनं फुलचंदला पुन्हा फोन लावला. अख्खी ओळ उखडायची, खाली सिमेंट ओतायचं, वर काहीही घाला पण तशी फरशी नको. फुलचंद सोमवारी सकाळी येतो म्हणाला. बाबांना तिनं बजावलं की सोमवारपर्यंत खाटेवरून एकट्यानं उठायचं नाही. बाबांचा चेहरा उतरला. बापाचा उतरलेला चेहरा बघून तिला आपण दुष्ट असल्यासारखं वाटलं, तरी तिनं शब्द मागे घेतला नाही. "कबूल?" तिनं विचारलं.

"कबूल," बाबा म्हणाले. आयुष्यात त्यांनी मुलीशी एवढी एकच लबाडी केली.

६

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात बसून तुरीची डाळ निवडत होती. तिथून बाबांची खाट दिसायची. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. ताटलीतला एक खडा निघेना म्हणून ती खाली वाकली. खडा काढून तिनं वर पाहिलं तेव्हा खाट रिकामी होती.

बाहेरचं दार उघडं होतं आणि त्यातून उन्हाचा लोट आत येत होता. त्या उजेडात बाबा पाठमोरे चालत होते. आधी तिला हायसं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय.

ओळ जिथल्या तिथे होती. एकेक फरशी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. बाबा सातव्या-आठव्या फरशीवर होते आणि दार त्यांच्यापुढे चार हातांवर होतं. पण त्यांचं डोकं दाराच्या खालच्या कडीपर्यंतही पोचत नव्हतं. वावराच्या बांधावरून लांब गेलेला माणूस दिसतो तेवढे ते दिसत होते. पांढरं धोतर, पाठीमागे बांधलेले हात, सगळं नीट, सगळं एवढंएवढंसं. ते झपझप चालत होते. चाळिशीतले बाबा असे चालायचे.

"बाबा!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं, कूलरच्या आवाजाखालून, सुईएवढा एक आवाज आला. "हो."

ती उठली, ताटली कलंडली, डाळ सांडली, आणि तेवढ्यात दारात नुसतं ऊन उरलं.

७

ती ओळीवरून धावली. अकरा फरशा, उंबरठा, छपरी, रिकामी खुर्ची, तापलेलं अंगण. कुंपणापलीकडे सत्यशीला पापड वाळत घालत होती. "बाबाजी? नाई व. मी अर्ध्या घंट्यापासून अठीच हाय, कोणी बाहीर नाई आलं."

दीपमाला परत आत आली. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर खोलीत अकराच फरशा होत्या आणि त्या अकरांत बाबा नव्हते. एवढं तिला स्वच्छ समजलं. समजल्यावर मग ती फार विचार करत बसली नाही. सोमवार उजाडेपर्यंत वाट बघणं, राजदीपला फोन करणं, हे सगळं नंतरचं. तिनं चपला काढल्या, खाटेला पाठ लावून उभी राहिली आणि डोळे घट्ट मिटले.

"एक," ती म्हणाली.

अकरापर्यंत तिला धीर होता. अकराव्यावर तुकड्याची फट लागायला हवी होती. ती लागली नाही. बारावी फरशी पायाखाली आली, अख्खी, खरबडीत. तरी तिनं पुढचं पाऊल टाकलं.

तिसाव्या फरशीवर तिनं उजवा पाय बाजूला नेऊन पाहिला. साधी गुळगुळीत फरशी लागली, तेवढाच आधार वाटला. मागे कूलर होता, पण शेजारच्या गल्लीत असल्यासारखा. उकाडा गेला होता. साठाव्या फरशीवर तिनं पुन्हा पाय बाजूला नेला. तिथे काहीच नव्हतं. फरशी नव्हती, माती नव्हती, खालून वारा येत होता. तिनं पाय झटक्यानं ओळीवर घेतला आणि त्यानंतर बाजूला काय आहे हे पुन्हा पाहिलं नाही.

"बाबा!" ती दर दहा फरशांना हाक मारत होती. नव्वदला उत्तर जवळून आलं. एकशे बाराव्या फरशीवर तिचा पुढे केलेला हात त्यांच्या पाठीला लागला. तीच खादीची बंडी, तोच तंबाखूचा वास. तिला रडू फुटलं.

"तू कायले आली व?" बाबा म्हणाले. ते थकलेले नव्हते. "मी आलो असतो ना."

"कवा? आता लहान दिसून राह्यलते तुम्ही. चला घरी."

"आणखी थोडं जाऊन पाहू. एवढं लांब मी कधीच नाई गेलो."

"नाई," दीपमाला म्हणाली. "एक पाऊल नाई. तुमच्याशिवाय मी त्या घरात काय करू? मले कोण हाय?"

हे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती. मग त्यांचा हात आपणहून तिच्या हातात आला, गार, भरपूर मोठा. ते दोघं जागच्या जागी वळले.

ती पुढे, बाबा मागे. डोळे उघडायचे नाहीत, हे तिनं ठरवलं होतं. उघडले तर आपण खोलीत असू आणि हातात हात नसेल, याची तिला खात्री होती. ती उलटं मोजत निघाली. एकशे अकरा. एकशे दहा. नव्वदपर्यंत तिचा श्वास जाग्यावर आला. पन्नासला उकाडा परत लागायला हवा होता, पण त्याला वेळ लागत असेल असं ती मनाशी म्हणाली. कूलर समोरून ऐकू येत होता, हे मात्र चांगलं होतं. तो अजून शेजारच्याच गल्लीत होता.

वीस. दहा. बाबांनी मागून विचारलं, "आलो काय?" "आलो," ती म्हणाली. चार. तीन. दोन. एक. गुडघ्याला खाटेची कड लागेल म्हणून तिनं मोकळा हात पुढे केला आणि पाऊल आखूड टाकलं.

हाताला काही लागलं नाही. पाऊल खरबडीत फरशीवर पडलं. अख्ख्या.

दूर, फार दूर, सत्यशीला दोघांच्या नावानं हाका मारत होती. दीपमालानं तोंड उघडलं, मग मिटलं. ओरडली असती तर बाबा घाबरले असते.

"कितवी व ही?" बाबांनी विचारलं.

तिनं त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

"एक," ती म्हणाली आणि पुढचं पाऊल उचललं.